वस्तीचें माप आणि मुलांचें मन

(ज्युबिली महोत्सवाच्या निमित्तानें केलेलें भाषण)



ज्युबिलीचा काळ हा हिशेबाचा काळ होय. इतक्या वर्षांत किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती जणांस आपण शेवटचा निरोप दिला, हें सर्व धर्मग्रामाच्या वह्यांत तारीखवार लिहिलेलें असतें, आणि अशा प्रसंगीं तीं पानें उलगडून पाहण्यांत प्रत्येकास आनंद वाटतो. परंतु एक वही आपणांपाशीं नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहींत ज्याचें नांव आहे आणि विवाहाच्या वहींत ज्याचें नांव अजून यावयाचें आहे, असें बारा ते अठरा वर्षांचें मूल या मधल्या काळांत मनानें कसें आहे, हें कोणत्याच वहींत लिहिलेलें नसतें. आज आम्हांस या न लिहिलेल्या वहीविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

मुलगा गप्प राहूं लागला, मुलगी रात्र रात्र जागूं लागली, अभ्यासावरचें लक्ष उडालें, अन्नावरची वासना गेली, क्षुल्लक कारणावरून घरांत आदळआपट होऊं लागली, म्हणजे आपण त्याचीं दोनच कारणें शोधतों. एक तर म्हणतों, वयच तसें आहे. नाहीं तर म्हणतों, घरचें वळण बरोबर नाहीं. पहिल्या उत्तरानें दोष वयावर जातो, दुसऱ्यानें आईबापांवर. तिसरें एक कारण असूं शकतें. तें म्हणजे ती गल्ली, तो शेजार, ती शाळेची वाट, जेथें तें मूल दिवसाचे कित्येक तास वावरतें. या कारणाचा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कारण त्याच गल्लींत मोठीं माणसेंही राहतात, आणि गल्लीची तपासणी म्हणजे थोडीशी त्यांचीच तपासणी होते.

ही गोष्ट लहानसान नव्हे. निरनिराळ्या देशांतील संशोधनें एकत्र करून अलीकडे जो ताळा घेण्यांत आला आहे, त्यावरून असें दिसतें कीं, माणसास जडणाऱ्या मानसिक विकारांपैकीं सुमारें एकतृतीयांश चौदाव्या वर्षापूर्वीं आणि जवळजवळ निम्मे अठराव्या वर्षापूर्वीं सुरू झालेले असतात. म्हणजे जें दुखणें पुढें चाळिशींत दवाखान्यांत जातें, त्याचा आरंभ पुष्कळदां शाळेच्या वयांतच झालेला असतो. त्या वेळीं तें कोणाच्या ध्यानांत आलें असतें, तर पुढचीं किती तरी वर्षें वांचलीं असतीं.

आपण नदीकांठचीं माणसें आहों. माप म्हणजे काय हें आपणांस शिकवावें लागत नाहीं. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा ३९ फुटांवर आली म्हणजे इशारा आणि ४३ फुटांवर आली म्हणजे धोका, हें कुरुंदवाडच्या शाळकरी पोरासही पाठ असतें. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे महापूर या तालुक्यानें पाहिले. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत तर त्या बंधाऱ्यावरचें पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें, आणि कृष्णा व पंचगंगा यांच्यामध्यें सांपडलेल्या गांवांतील माणसें, गुरेंढोरें आणि धान्य हलवितां हलवितां लोकांची त्रेधा उडाली. त्या पुराचें पाणी कोणत्या भिंतीवर कोठपर्यंत चढलें, हें घरोघरीं बोट ठेवून दाखवितात. पण त्या घरांतील चौदा वर्षांच्या मुलाच्या मनांत तें पाणी किती दिवस राहिलें, पुढल्या वर्षीं पाऊस लागतांच त्याची झोंप उडाली कीं काय, हें कोणत्या भिंतीवर दिसावें? नदीस इशाऱ्याची पातळी आहे, तशी ती मनासही आहे. आणि धोक्याची पातळी येईपर्यंत वाट न पाहतां इशाऱ्याच्या पातळीसच हालचाल करावी, हा शहाणपणा नदीच्या बाबतींत आपण कधींच शिकलों आहों.

परिसराचा मुलांच्या जीवनावर किती परिणाम होतो, याच्या दोन गोष्टी आपल्या जवळच्याच आहेत. पहिली खुद्द कुरुंदवाडची. १८७२ सालीं या गांवीं एका कीर्तनकाराच्या घरीं एक मुलगा जन्मला. लहानपणीं फटाक्याच्या स्फोटानें त्याचे डोळे दुखावले व दृष्टि जवळजवळ गेली. पोथी-पुस्तकाचा मार्ग बंद झाला. अशा मुलाचें पुढें काय व्हावें? परंतु शेजारीं मिरज होतें. तेथें वैद्यकीय उपचार होते, संस्थानिकांचा आश्रय होता, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरु होता. त्या परिसरानें तो मुलगा उचलून धरला. आणि तेच विष्णु दिगंबर पलुसकर पुढें १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे झाले. इजा तीच, पण आसपास मिरज नसतें, तर त्या मुलाचें नांवही आज आपल्या कानीं पडलें नसतें.

दुसरी गोष्ट वळिवड्याची. कोल्हापुराजवळच्या या गांवीं १९४३ सालीं पोलंडमधील निर्वासितांची मोठी छावणी वसली. सोव्हिएट हद्दपारींतून सुटून आलेल्या त्या सुमारें पांच हजार लोकांत बहुतेक स्त्रिया आणि मुलें होतीं, आणि त्यांपैकीं बहुसंख्य आपल्याच कॅथॉलिक पंथाचीं होतीं. त्या मुलांनीं भूक पाहिली होती, थंडी पाहिली होती, मरण जवळून पाहिलें होतें. कित्येकांस आईबापही उरले नव्हते. त्या छावणींत शाळा होत्या, चर्च होतें, दवाखाना होता, बालवीरांचीं पथकें होतीं, गायन व नाटकें होत असत. १९४८ पर्यंत छावणी उठली. तरी तेथें वाढलेल्यांपैकीं कित्येक जण उतारवयांत मुद्दाम कोल्हापुरास येऊन गेले, आणि पोलंडची राजधानी वॉर्सा येथें कोल्हापुराच्या नांवाचें स्मारक आज उभें आहे.

या गोष्टी ऐकून मन भरून येतें. पण श्रोतेहो, गोष्ट निराळी आणि माप निराळें. एका विष्णु दिगंबरांचें भलें झालें म्हणून तशाच दहा मुलांचें भलें होतें असें सिद्ध होत नाहीं. जीं मुलें मागें राहिलीं त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाहीं, आणि म्हणूनच त्यांची मोजणी करावी लागते. आतां ही मोजणी जगांत कशी केली गेली, तें थोडक्यांत पाहूं.

अमेरिकेंतील शिकागो शहरीं फॅरिस व डनहॅम या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं मानसिक रुग्णालयांतील हजारों रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले, आणि १९३९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नकाशा पाहतां असें दिसलें कीं, शहराच्या मध्यभागीं, जेथें दारिद्र्य फार आणि भाडेकरू सारखे बदलणारे, तेथें विशिष्ट विकारांचे रुग्ण दाट होते, आणि बाहेर बाहेर जावें तसतसे ते विरळ होत गेले होते. पण लागलीच एक शंका पुढें आली. त्या वस्तीनें माणसें आजारी पडलीं, कीं आजारी व निराधार झालेलीं माणसेंच त्या स्वस्त वस्तींत येऊन राहिलीं? ही शंका आपणांस लवकर कळेल. आपल्या शेजारच्या नरसोबाच्या वाडीस पुष्कळ दुखणाईत माणसें दुरून सेवेस येऊन राहतात. कोणी परका मनुष्य तेथें येऊन त्यांची मोजणी करील आणि वाडीच्या हवेनेंच लोक आजारी पडतात असें लिहील, तर आपण त्यास हंसूं. नुसत्या मोजणीनें कारण सांपडत नाहीं, तें असें.

ही शंका फेडण्याचा एक मोठा प्रयत्न १९९४ सालापासून अमेरिकेंत झाला. बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क या पांच शहरांतील अतिशय गरीब सरकारी चाळींत राहणारीं सुमारें ४,६०० कुटुंबें त्यांत सामील झालीं. त्यांच्या अक्षरशः चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या. कांहींस, दारिद्र्य कमी असलेल्या वस्तींत घर घेतां यावें म्हणून भाड्याची मदत मिळाली. कांहींस कोणत्याही वस्तींत चालेल अशी मदत मिळाली. कांहींस यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं. चिठ्ठीनें निवड झाल्यामुळें, चांगलीं कुटुंबेंच चांगल्या वस्तींत गेलीं असें म्हणावयास जागा उरली नाहीं. दहा ते पंधरा वर्षांनीं, जेव्हां त्या घरांतील लहानगीं मुलें तेरा ते एकोणीस वर्षांचीं झालीं होतीं, तेव्हां त्यांची तपासणी झाली. कोणत्याही वस्तींत चालेल अशी मदत मिळालेल्या घरांतील मुलींमध्यें औदासीन्याचा विकार कमी आढळला. दारिद्र्य कमी असलेल्या वस्तीसाठीं मदत मिळालेल्या घरांतील मुलग्यांत मात्र उलट झालें. त्यांच्यांत औदासीन्य, भयंकर प्रसंगानंतर मागें लागणारी मनाची पीडा, आणि वर्तनाचे दोष अधिक आढळले. २०१४ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, परिसराचा परिणाम खरोखरच होतो. तो केवळ बोलण्यांतला नाहीं. दुसरी, तो परिणाम मुलगा व मुलगी यांवर सारखाच होतो असें धरून चालतां येत नाहीं, आणि चांगलें घर दिलें कीं सर्व झालें, हेंही खरें नाहीं. घर बदलतांना मूल जुन्या मित्रांस, ओळखीच्या दारांस आणि आपल्या कट्ट्यासही मुकतें. पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा विचार आपल्या तालुक्यांत वारंवार निघतो. तेव्हां उंचावरची जागा पाहणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाण्यापासून घर वांचलें पाहिजे हें तर खरेंच. पण शेजार मोडून घर वांचविलें, तर मुलाच्या मनास त्याची किंमत द्यावी लागूं शकते.

मग शेजार म्हणजे काय, आणि तो मोजावा कसा? याचें एक उत्तर पुन्हां शिकागोहूनच आलें. सॅम्पसन, रॉडनबुश व अर्ल्स या तिघांनीं त्या शहराच्या ३४३ वस्त्यांतील ८,७८२ प्रौढ रहिवाशांस प्रश्न विचारले. प्रश्न अगदीं साधे होते. मुलें शाळा चुकवून कोपऱ्यावर उभीं राहिलीं, तर शेजारी कांहीं बोलतील काय? कोणी भिंतीवर घाण रंगविली, तर अडवितील काय? येथील माणसें एकमेकांस मदत करतात काय, एकमेकांवर विश्वास ठेवतात काय? एका माणसाचें उत्तर म्हणजे त्याचें मत. पण एका वस्तींतील पंचवीस माणसांचीं उत्तरें एकत्र केलीं, म्हणजे तें त्या वस्तीचें लक्षण होतें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत असें दिसलें कीं, जेथें हा परस्परविश्वास व मध्यें पडण्याची तयारी अधिक, तेथें हिंसा कमी. आणि दारिद्र्याचा फरक हिशेबांत धरूनही हा संबंध कायम राहिला. हें संशोधन हिंसेविषयीं होतें, मुलांच्या मनाविषयीं नव्हे. परंतु शेजार मोजतां येतो, हें त्यानें दाखवून दिलें.

मुलांच्या मनाविषयींचा दाखला आपल्याच शेजारच्या गोव्यांत आहे. ‘संगाथ’ या संस्थेशीं संबंधित संशोधकांनीं तेथील शहरी व ग्रामीण भागांतील १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी केली, व ती २००८ सालीं प्रसिद्ध केली. निश्चित मानसिक विकार असलेलीं मुलें शेंकडा दोनांहूनही कमी, म्हणजे १.८१ टक्के निघालीं. पण तीं कोणतीं मुलें होतीं, हें पाहण्यासारखें आहे. ज्यांस आपली वस्ती सुरक्षित वाटत नव्हती, ज्यांस मारहाण वा शिवीगाळ सोसावी लागली होती, ज्यांस अभ्यास जड जात होता, जीं तंबाखू वापरीत होतीं, त्यांच्यांत हे विकार अधिक होते. ज्या मुलींस मुलगी म्हणून घरीं दुजाभाव सोसावा लागे, त्यांच्यांतही प्रमाण अधिक होतें. उलट, अडचणीच्या वेळीं जीं मुलें प्रथम आपल्या कुटुंबाकडे धांव घेत, त्यांच्यांत तें कमी होतें. म्हणजे घर आणि गल्ली हीं दोन्हीं त्या तराजूंत आहेत. घर बळकट असलें तर तें आधार देतें, पण म्हणून गल्लीची भीति नाहींशी होत नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें जरूर आहे. २०१५–१६ सालीं देशांतील बारा राज्यांत जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, तींत १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्यें हें प्रमाण ७.३ टक्के निघालें. एकीकडे १.८१, दुसरीकडे ७.३, मग खरें कोणतें? दोन्हीं आपापल्या जागीं ठीक आहेत. वय वेगळें, प्रांत वेगळे, आणि प्रश्न विचारण्याचें साधनही वेगळें. एकानें शेराचें माप वापरलें व दुसऱ्यानें किलोचें, तर आंकड्यांची तुलना करणारा फसेल. म्हणून ज्यास आपल्या वस्तीची प्रगति पाहावयाची आहे, त्यानें आज जें माप घेतलें तेंच पुढल्या वर्षींही घ्यावें, आणि दुसऱ्या गांवाशीं स्पर्धा करूं नये.

परक्या देशांतील माप जसेंच्या तसें उचलण्यांतही धोका आहे. डेन्मार्क देशांत नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी आणि उपग्रहांवरून घेतलेलीं चित्रें यांची सांगड घालून २०१९ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, बाळपणीं ज्यांच्या घराभोवतीं हिरवाई सर्वांत कमी होती, त्यांस पुढें मानसिक विकार जडण्याचा संभव, सर्वांत हिरव्या परिसरांतील मुलांच्या मानानें, ५५ टक्क्यांपर्यंत अधिक होता. हें माप घेऊन कोणी कुरुंदवाडास आला, तर त्यास काय दिसेल? चहूंकडे हिरवेंगार! उपग्रहास ऊस हिरवाच दिसतो. पण उसाच्या फडांत मुलास खेळतां येत नाहीं, सांवलींत बसतां येत नाहीं. आणि अंधार पडल्यावर त्या फडांमधल्या वाटेनें एकटें येतांना मुलीचा जीव मुठींत असतो. नदीचेंही तसेंच. नकाशावर नदी म्हणजे शोभा. पण वरच्या शहरांचें सांडपाणी व कारखान्यांचें मळपाणी घेऊन येणाऱ्या पंचगंगेच्या कांठीं उन्हाळ्यांत उभें राहिलें, म्हणजे शोभा कोणती आणि दुर्गंधि कोणती, हें नाकास कळतें. म्हणून माप येथल्या माणसांनीं, येथल्या वाटा पायांखालीं घालून घेतलें पाहिजे.

परिसर म्हणजे नुसत्या भिंती व रस्ते नव्हेत. चालीरीतीही त्यांतच येतात. कुरुंदवाडाजवळचें हेरवाड पाहा. २०२२ सालच्या मे महिन्यांत त्या गांवच्या ग्रामसभेनें विधवेच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र काढणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढें ठेवला. ही सुधारणा विधवांसाठीं म्हणून गाजली, आणि तें योग्यच झालें. पण ज्या घरीं बाप गेला, त्या घरीं बारा-चौदा वर्षांची मुलगीही असते. बाप गेल्याचें दुःख तिला असतेंच. त्यावर, आपल्या आईच्या हातच्या बांगड्या शेजारणींनीं फोडलेल्या तिनें पाहावयाच्या, हा दुसरा घाव गल्लीनें दिलेला असतो. ग्रामसभेच्या ठरावानें तो दुसरा घाव टळूं शकतो.

तसेंच सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव. २०२२ च्या ऑगस्टपासून त्या गांवीं संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजे, आणि दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवून मुलांनीं अभ्यास करावा व मोठ्यांनीं वाचावें किंवा बोलावें, अशी प्रथा पडली. आजच्या मुलाची गल्ली त्याच्या खिशांतही असते. रात्रीं दार लावून घेतलें तरी त्या खिशांतल्या गल्लींत कोणी त्याला चिडवीत असतें, कोणी भुलवीत असतें. एकट्या आईनें मोबाईल काढून घेतला तर भांडण होतें. साऱ्या गांवानें एकाच वेळीं खालीं ठेवला तर भांडणास जागा उरत नाहीं. असे उपक्रम आपणही करावे. मात्र त्याचें फळ जाणावयाचें असेल, तर आरंभापूर्वीं एकदां व सहा महिन्यांनीं एकदां मुलांची झोंप, त्यांचा अभ्यास, त्यांचें घरांतलें बोलणें यांविषयीं तेच प्रश्न विचारले पाहिजेत. त्याशिवाय फळ आलें असें म्हणणें, म्हणजे नदी पाहिल्यावांचून पाणी उतरलें असें सांगणें होय.

आतां आपण काय करावें, तें सांगतों. प्रथम वस्तीचें माप घ्यावें. दोघां-तिघांनीं मिळून संध्याकाळीं आपल्या गल्ल्यांतून फिरावें, आणि वहींत लिहावें: कोठें दिवा आहे, कोठें अंधार आहे, खेळावयास मोकळी जागा किती पावलांवर आहे, तालमींत सर्व मुलांस मुभा आहे काय, दारूचें दुकान शाळेच्या वाटेवर आहे काय, एस. टी. च्या थांब्यावर मुलीस निर्धास्तपणें उभें राहतां येतें काय. पुराचें पाणी कोणत्या घरांत शिरतें. मग मुलांसच कागद देऊन आपल्या गल्लीचा नकाशा काढावयास सांगावें, आणि जेथें भीति वाटते तेथें एक खूण व जेथें बरें वाटतें तेथें दुसरी खूण करावयास सांगावें. मोठ्यांच्या वहींत ज्या जागेचें नांवही नसतें, ती जागा मुलांच्या नकाशावर पुष्कळदां सर्वांत काळी निघते.

दुसरें, शेजाऱ्यांस विचारावें: या गल्लींतील पांच मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय? त्यांपैकीं एखादें मूल चार दिवस दिसलें नाहीं, तर आपण चौकशी कराल काय? दुसऱ्याच्या मुलास गैर वागतांना पाहिलें, तर त्यास न मारतां, न चिडतां आपण बोलाल काय? आणि आपल्या मुलास दुसरें कोणी बोललें, तर आपण तें सोसाल काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कारण शेजाऱ्यानें लक्ष घालावें असें प्रत्येकास वाटतें, पण आपल्या मुलाकडे बोट दाखविलेलें पुष्कळांस खपत नाहीं.

तिसरें, मुलांच्या मनाचें माप. हें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून करूं नये. रॉबर्ट गुडमन या वैद्यानें १९९७ सालीं मांडलेली पंचवीस प्रश्नांची एक लहानशी प्रश्नावली जगांत पुष्कळ ठिकाणीं वापरतात. भीति, वागणूक, चंचलपणा, सोबत्यांशीं संबंध आणि दुसऱ्याविषयींचा कळवळा, यांचा तींत विचार आहे. अशी प्रश्नावली रोगाचें निदान करीत नाहीं. ती केवळ इशाऱ्याची पातळी दाखविते. ती कोणी भरावी, कोणी वाचावी, आणि पुढें काय करावें, हें मनोविकारतज्ज्ञांनीं किंवा प्रशिक्षित समुपदेशकांनीं ठरवावें.

यांत चार बंधनें कडक पाळलीं पाहिजेत. पहिलें, आईबापांची संमति व मुलाचीही खुशी असल्याखेरीज एकही प्रश्न विचारूं नये. दुसरें, उत्तरें गुप्त राहिलीं पाहिजेत. पापनिवेदनाच्या जागीं बोललेला शब्द बाहेर जात नाहीं, या विश्वासाचें मोल आपल्या लोकांस सांगावयास नको. येथेंही तितक्याच निष्ठेनें तोंड बंद ठेवावें. ‘अमक्याच्या मुलीचें मन बरें नाहीं’ हें वाक्य एकदां गल्लींत गेलें, तर तिच्या लग्नापर्यंत तें तिची पाठ सोडीत नाहीं. आणि मग जें माप मदतीसाठीं घेतलें, तेंच परिसराचा नवा घाव होऊन बसतें. फक्त मुलाच्या जिवास धोका आहे असें दिसलें, तर मात्र गुप्ततेच्या नांवाखालीं गप्प न राहतां तत्काळ योग्य त्या माणसास सांगावें. आणि असें करावें लागेल, हें मुलास आरंभींच समजावून द्यावें. तिसरें, मदतीची सोय आधीं, प्रश्न मागाहून. मुलानें मन उघडें केलें आणि ऐकणाऱ्यापाशीं पुढला मार्गच नसला, तर तो त्या मुलाचा विश्वासघात होय. २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें उपचार मिळण्याचा व माहिती गुप्त राहण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. चौथें, लहान आंकड्यांनीं घाबरूं नये व फुगूंही नये. समजा, आपल्यांतील किशोरवयीन मुलें चाळीस आहेत; तर एकच मूल इकडचें तिकडे झालें कीं आंकडा अडीच टक्क्यांनीं हलतो. एवढ्यावरून गल्ली सुधारली किंवा बिघडली असें म्हणतां येत नाहीं.

यावर उपाय एकच, तो म्हणजे ही मोजणी आपण एकट्यांनीं न करतां सर्व गांवाबरोबर करावी. गल्लींत कोणत्याही एकाच धर्माचीं मुलें राहत नाहींत. अंधार सर्वांसच अंधार असतो आणि पूर कोणाचें दार वगळीत नाहीं. आणि या बाबतींत कुरुंदवाडानें कोणाकडून धडा घ्यावा अशी स्थिति नाहीं. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले म्हणजे येथील पांच मशिदींत गणपति बसतो, व दोन्हीं सण एका छपराखालीं होतात. अशा गांवच्या मुलास लहानपणापासून जें दिसतें, तेंही परिसराच्या मापांत जमेच्या बाजूस धरलें पाहिजे. ज्या गांवच्या वडीलधाऱ्यांस सण एकत्र साजरे करतां येतात, त्यांस शाळांचे शिक्षक, तालमीचे वस्ताद, आशाताई, मौलवीसाहेब, पुजारी व आपले धर्मगुरू यांनीं एका टेबलाशीं बसून मुलांच्या नकाशाकडे पाहणें अवघड जाऊं नये.

शेवटीं, आपल्या लोकांत अजून रेंगाळणाऱ्या एका समजुतीविषयीं बोलणें भाग आहे. मनाचें दुखणें म्हणजे श्रद्धेची उणीव, असें कांहीं घरीं अजून मानितात, आणि मुलास औषधाऐवजीं उपदेश देतात. पाय मोडलेल्या मुलासाठीं आपण प्रार्थना करतों आणि त्यास हाडवैद्याकडेही नेतों. त्यांत प्रार्थनेचा अपमान होतो असें कोणासही वाटत नाहीं. मनाच्या बाबतींतही तीच रीत असावी. धर्मगुरूंचा धीराचा शब्द आणि वैद्याचें औषध हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत.

ज्युबिलीच्या या वर्षीं आपण मंदिरास रंग द्याल, स्मरणिका काढाल, जुन्या माणसांचा सन्मान कराल. हें सर्व आनंदाचें व उचित आहे. त्यांतच एका कोऱ्या वहीची भर घाला. तींत कोणाही मुलाचें नांव नसावें. गल्ल्यांचीं नांवें असावीं, अंधाऱ्या जागा असाव्या, आणि प्रत्येक जागेपुढें ती सुधारण्याचें काम कोणी पत्करलें व कोणत्या तारखेपर्यंत, हें असावें. पुढल्या पावसाळ्यापूर्वीं ती वही पुन्हां उघडावी. जो दिवा लागला त्यापुढें खूण करावी. जो लागला नाहीं, त्याविषयीं नगरपरिषदेकडे पुन्हां जावें. जें मूल गप्प होतें, तें आतां कोणाशीं तरी बोलूं लागलें आहे काय, हें त्याच्या जवळच्या माणसानें हळूच पाहावें. काम एवढेंच आहे. पण तें दर वर्षीं करावें लागेल.

 आपल्या घरांवर व आपल्या मुलांवर प्रभूची कृपा राहो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतों.